हुबेहूब पॉलिश

पॉलिश लावून पाहिलेली सहावी पट्टीही फसली. सुताराने ती खिडकीशी नेली, फुटक्या तुकड्याशेजारी धरली आणि वैतागून कोपऱ्यात फेकली. तुकड्याचा रंग मधासारखा होता. पट्टी नुसतीच लाल दिसत होती.

बुधवारची दुपार झाली होती आणि शुक्रवारी सकाळी बायको परत येणार होती.

दोन महिन्यांपूर्वी ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली. तिसऱ्याच दिवशी मुलाच्या खोलीच्या दारावरचा बल्ब बदलताना शिडी घसरली, ती आत थेट त्याच्या गिटारीवर.

मुलगा जाऊन सहा वर्षं झाली होती. अठराव्या वर्षी त्याने ती गिटार घरीच, बापाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून बनवली होती. मोठ्या हौसेने तो दाखवायला आला, तेव्हा सुताराने ती हातातसुद्धा घेतली नाही. "खोक्याला तारा लावल्या म्हणून गिटार होत नाही," एवढंच म्हणाला. पुढे कधीतरी नीट बघू, असं त्याच्या मनात होतं. चार महिन्यांत मुलगाच राहिला नाही.

बायको रोज सकाळी गिटार फडक्याने पुसायची. सुताराची मात्र खोलीत पाऊल टाकायची हिंमत होत नसे. तो दारातूनच बघायचा आणि कामावर जायचा.

त्याने ती हातात घेतली ती फुटल्यावर. जोड असे बसलेले की नख शिरत नव्हतं. कडा एकसारख्या, कुठे घाई नाही, कुठे लपवाछपवी नाही. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवण्यात घालवलेला तो माणूस तुकडे मांडीवर घेऊन ढसाढसा रडला. पोराचा हात बापापेक्षा चांगला होता, आणि बापाला साधी शाबासकी देता आली नव्हती.

बायकोला काय सांगणार? मुलाचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. मग तो तुकडे समोर ठेवून तशीच गिटार करायला बसला. लाकूड जुळलं, जोडही जुळले. घोडं अडलं ते पॉलिशपाशी. लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून लावले, तर रंग भडक आला. जवसाचं तेल चोळलं, ते आठ दिवस चिकटच राहिलं. तयार लॅकर मारलं, तर लाकूड प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखं चकाकायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोच होती.

"गिटार पुसता ना हो?"

"पुसतो की."

"दारातून फडकं झटकू नका. हातात घेऊन पुसा."

चोराच्या मनात चांदणं. त्याने घाईघाईने सांगितलं, "हातात घेऊनच पुसतो."

तिने लगेच विचारलं, "घेतलीत हातात? मग कसं वाटलं काम?"

"खोड काढायला जागा नाही गं. एवढीशीसुद्धा नाही."

मग ती "बरं झालं," म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुताराने तुकडा फडक्यात गुंडाळला आणि रंगाचं दुकान गाठलं. महिन्याभरात ही त्याची नववी खेप होती. दुकानदाराने तुकडा उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला.

"मिस्त्री, हे डब्यातलं नाही. कोणीतरी स्वतः कालवलंय."

"माझ्या मुलाने."

"मग आमचं डोकं कशाला खाताय? त्यालाच विचारा की!"

सुतार तुकडा परत फडक्यात गुंडाळू लागला. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून दुकानदार वरमला. "पुलापलीकडे एक म्हातारा आहे, वाद्यं दुरुस्त करतो. त्याला विचारून बघा. त्याने हात टेकले तर मात्र आशा सोडा."

सुतार उन्हातून जवळजवळ पळतच निघाला. हे जमलं नाही तर परवा बायकोपुढे उभं कसं राहायचं, हेच त्याच्या डोक्यात घुमत होतं. आधी पोरगं गेलं, आता त्याच्या हातचं कामही आपण मोडलं.

म्हाताऱ्याची खोली अरुंद होती आणि भिंतभर लाकडी सांगाडे टांगलेले होते. त्याने तुकडा घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि फळीवरून एक बाटली काढली. कोऱ्या पट्टीवर बोळ्याने एक पातळ हात मारला, थोडं थांबून दुसरा मारला.

रंग जुळला. अगदी तोच.

सुतार समोरच्या स्टुलावर बसला.

"परवा सकाळपर्यंत होईल?"

"पातळ हात मारा आणि मध्ये दोन-दोन तास वाळू द्या. ऊन आहे, होईल."

सुताराने बाटली दोन्ही हातांनी धरली. मग त्याच्या मनात एक वेडी आशा आली. "हे मिश्रण माझ्या मुलाला माहीत होतं. पोरगं तुमच्याकडे शिकायला यायचं का हो? कसा होता त्याचा हात?"

म्हातारा गोंधळला. त्याने तुकडा पुन्हा उलटसुलट करून पाहिला.

"मुलगा कुठला? हा तर माझ्याच हातचा तुकडा आहे. गेल्या वर्षी एका बाईंना गिटार करून दिली होती. त्यांच्या मुलाने घरी बनवलेली आतून वाळवीने खाल्ली होती. शिकाऊ, कच्चं काम होतं ते. मी विचारलं, हुबेहूब तशीच करू का? तर त्या म्हणाल्या, रंग तेवढा हुबेहूब ठेवा, कारण ह्याचे बाबा लांबूनच बघतात. काम मात्र तसं नको, चांगलं करा. कधी ना कधी ते हातात घेतील, तेव्हा त्यांना माझ्या पोराला नावं ठेवता येऊ नयेत."