अव्वाचं कुलूप

ड्रमला कुलूप होतं.

ज्ञानोबा घागर घेऊन अंगणात उभाच राहिला. लातुरात त्या उन्हाळ्यात सोनं एकवेळ उघड्यावर राहिलं असतं, पाणी नाही. गल्लोगल्ली ड्रमांना कुलपं होती. पण शिवम्माच्या बंदिस्त अंगणातला ड्रम उघडाच असायचा. टँकर आला की भरायचा आणि घरात राहणाऱ्यानं लागेल तसं घ्यायचं, एवढाच घरमालकिणीचा आणि भाडेकरूंचा करार. भाडेकरू तरी कुठं उरले होते? पाण्यापायी तीन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. ज्ञानोबानंही बायको-लेकरं कंधारला धाडलेली. तहसीलमधल्या नोकरीपायी तो एकटाच मागं राहिला होता.

त्यानं म्हाताऱ्या शिवम्माचं दार वाजवलं. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची.

"अव्वा, ड्रमची चावी?"

"माझ्यापाशी हाय." अव्वानं कमरेचा जुडगा चाचपला. "लागंल तवा मागत जा."

ज्ञानोबाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कालचीच गोष्ट. अव्वा गरम धपाटं घेऊन त्याच्या खोलीत आली, आणि नेमकं तेव्हाच त्यानं कॉम्प्युटरवर एका शेटजीला मोटारीतून ओढून काढलं होतं.

"काय करायलास रे?"

"गाडी चोरायलोय, अव्वा," तो हसत म्हणाला होता. "खेळ हाय."

अव्वा ताटली हातात धरून बघत राहिली. मागं पोलीस लागले. ज्ञानोबानं सिग्नल तोडला, फळांचा एक गाडा उडवला. आणि आज कुलूप. आता बोला.

त्याला हा खेळ आवडायचा आणि त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. चाळिशीचा माणूस. लेकरं खोलीत असली तर त्यानं तो कधी लावला नाही. कचेरीत कुणाचा फुकट चहा घेतला नाही. दिवसभर टँकर मागायला आलेल्यांच्या शिव्या खायच्या, साहेबाला हाव जी म्हणायचं, आणि उदगीरचा नवा जिल्हा होऊन कंधारच्या जवळ बदली कधी मिळते याची वाट बघायची. संध्याकाळी तासभर मात्र तो म्हणेल ती गाडी त्याची. त्या शहरात कुणी घागर घेऊन रांगेत उभं नसायचं. खेळ संपला की चोरही संपला. पण हे म्हातारीला कोण समजावणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ चावी मागणं आलं. अव्वाला जुडग्यातली ती चावी लवकर सापडायची नाही. शोधता शोधता विचारायची, जेवलास का, लेकरं काय म्हणतात, कंधारला तरी पाणी हाय का. ज्ञानोबा 'हाव', 'न्हाई' यापुढं जायचा नाही. आपली चौकशीच चाललीय असं त्याला वाटायचं. पाणी घेतलं की चावी मुकाट्यानं परत.

खेळ त्यानं बंदच केला. कॉम्प्युटरवर टॉवेल टाकला. मग संध्याकाळ खायला उठायची. बायकोला फोनवर सांगावं तर लाज वाटायची. जन्मात कुणी त्याच्यावर चोरीचा संशय घेतला नव्हता.

शेवटी त्यानं औसा रोडला दुसरी खोली बघितली. तिथं पाण्याचा भरवसा नव्हता, पण अब्रू तरी राहिली असती. सकाळी रिकाम्या हातानं तो अव्वाच्या दारात गेला.

"खोली सोडायलोय, अव्वा."

"कामून?"

"कॉम्प्युटरवर गाड्या चोरताना बघितलंत आन् दुसऱ्याच दिवशी ड्रमला कुलूप लावलंत. तो खेळ हाय, अव्वा. खऱ्या जिंदगीत मी कुणाची काडी उचलली न्हाई."

अव्वा मटकन उंबऱ्यावर बसली.

"तुला चोर कशाला म्हणू, बाबा? मला तर लई गंमत वाटली त्या दिवशी. वाटलं, अजून जरा बसावं. पण तू बस म्हणाला न्हाईस."

अव्वानं जुडग्यातली चावी पहिल्या झटक्यात काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

"ड्रम उघडा होता तवा तू पाणी घेऊन गुपचूप निघून जायचास. कुलूप लावल्यापासनं कुणीतरी दिवसातून दोनदा माझं दार वाजवतंय."