लाल की काळी

"श्वास भरून घे. छाती वर काढ," लमयाय लेकाला म्हणाली.

क्रितने शर्ट काढून आईच्या हातात दिला. दंडावर शाईने नंबर लिहिलेला होता. तालुका कचेरीच्या मंडपात सक्तीच्या सैन्यभरतीसाठी गावोगावची पोरं उघड्या अंगाने बसली होती. लाल चिठ्ठी निघाली तर दोन वर्षं सैन्यात, काळी निघाली तर घरी.

"बारीक आहे तेच बरं," शेजारच्या वांदीमावशी म्हणाल्या. "छाती मापात बसली नाही तर चिठ्ठी न उचलताच सुटेल. आणि तू बाई महिनाभर त्याला केळी भरवतेस!"

"मग उपाशी ठेवू?"

त्यातली बरीच केळी उलटीवाटे बाहेर पडली होती. क्रित तीन वर्षं रोज गांजाचं व्हेप ओढत होता. उठल्याबरोबर, जेवणाआधी, मग अधूनमधून कधीही. आता सकाळी पोट पिळवटायचं आणि कढत पाण्याखाली बसलं तरच थांबायचं. ओढणं बंद केलं की उलट्याही बंद होतील, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. त्याने दोनदा सोडून पाहिलं. दोन्ही वेळा झोप उडाली, अंग घामाने भिजलं आणि आठवड्याच्या आत तो पुन्हा गांजाच्या दुकानासमोर उभा होता. आई ओरडली. त्याला ते ऐकू आलं, लागलं नाही.

"लाल निघाली तर तुझं ते धुराचं खेळणं छावणीच्या फाटकावरच काढून घेतील हो," मावशी त्याला म्हणाल्या. "मग काय चोखशील? अंगठा?"

क्रित हसला, थोडा उशिरा.

"आणि टोपलीत काय गं?"

"उकडलेली अंडी. विहारातल्या बुद्धमूर्तीला, लुआंग फोंना, नवस बोललेय."

"आधीच उकडलीस? आधी काम, मग अंडी. काम झालं नाही तर त्यांचं काही देणं लागत नाही."

लमयाय टोपलीवरचं फडकं सारखं करत राहिली.

क्रितची छाती मापात जेमतेम बसली. पुढच्या पोराची काळी निघाली तेव्हा त्याची आई किंचाळून नाचली. मग क्रितने चिठ्ठ्यांच्या बरणीत हात घातला. शिपायाने चिठ्ठी उंच धरली.

"लाल!"

लमयाय मटकन खाली बसली आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून रडली. क्रित चिठ्ठीकडे बघत राहिला. काहीतरी वाटायला हवं होतं. त्याने थोडी वाट पाहिली.

"ऊठ, लमयाय," मावशींनी तिला हाताला धरून उठवलं. "लुआंग फोंनी ऐकलं नाही, तर त्यांना कशाला द्यायची? पोराला तरी खाऊ दे." त्यांनी टोपलीतलं एक अंडं काढून क्रितपुढे धरलं.

लमयायने ते त्यांच्या हातातून घेतलं, परत टोपलीत ठेवलं आणि वर फडकं टाकलं.

"विहारावरून जाऊ," ती डोळे पुसत म्हणाली. "नवस फेडायचाय. मागितली तीच निघाली."