सोडलेलं फळ

सोनारीत ऐन वैशाखातल्या दुपारी राजनंदिनीनं मोसंबी, टरबूज आणि लिंबाचा रस एकत्र केला, वरून पुदिना आणि बर्फ घातला.

"आजोबा, कॉकटेल घ्या."

"म्हाताऱ्याला दारू पाजतीस व्हय गं?" कोंडीराम हसले आणि अर्धा ग्लास एका दमात रिकामा केला.

कमलबाईंच्या हातातला ग्लास तसाच होता. बेचाळीस वर्षांपूर्वी कोंडीराम टायफॉईडनं अंथरुणाला खिळले, डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा त्या अनवाणी काळभैरवाच्या देवळात गेल्या होत्या. यांचा जीव राहू दे, म्हणून त्यांनी देवापुढं मोसंबी सोडली. माहेरी मोसंबीचीच बाग होती. त्याहून आवडीचं दुसरं काही त्यांच्याकडं नव्हतं. सोडलेलं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून हे कुणालाच सांगितलं नाही. सुरुवातीला जीव तुटायचा, मग हळूहळू काही वाटेनासं झालं.

"आजी, एक घोट तरी घ्या की. तुमच्यासाठी एवढी खटपट केली मी."

आज मात्र ग्लास ओठांपर्यंत गेला. समोर कोंडीराम मिशीला लागलेला रस पुसत बसले होते, चांगले धडधाकट. त्यांच्याकडं बघून कमलबाईंनी ग्लास खाली ठेवला.



"तिला कशाला आग्रह करतीस?" तो ग्लास आपल्याकडं ओढत कोंडीराम म्हणाले. "तिला मोसंबी पहिल्यापासूनच आवडत न्हाय."