काही नको असलेलं गिऱ्हाईक

दिवाळीच्या सेलमध्ये शेजाऱ्यापाजाऱ्यांना नव्वद टक्के सूट मिळत होती आणि मृण्मयीच्या स्क्रीनवर मात्र ‘गच्ची’ या गेमची किंमत अठ्ठेचाळीस हजार दिसत होती. दुकानाचा कॅमेरा गिऱ्हाईकाचे डोळे वाचायचा आणि ज्याला जितकी ओढ, त्याला तितका भाव लावायचा. म्हणून हल्ली लोक हवा तो गेम अशा माणसाच्या हातून घ्यायचे, ज्याला त्याचं सोयरसुतक नसेल.

‘गच्ची’ तिच्या भावानं, निनादनं बनवला होता. तो जाऊन वर्ष झालं होतं.

“अप्पा, इथे बसा,” ती वडिलांना म्हणाली. आवाजातला राग तिनं लपवला नाही. “खेळ करून कोणाचं पोट भरलंय, असं त्याला जन्मभर ऐकवलंत ना? तेच मनात आणा आणि स्क्रीनकडे बघा.”

अप्पा निमूटपणे बसले. स्क्रीनवर एक गच्ची दिसली. कठड्यापाशी एक म्हातारा मांजा गुंडाळत होता. त्याच्या चष्म्याची डावी काडी दोऱ्यानं बांधलेली होती, अगदी अप्पांच्या चष्म्यासारखी.

किंमत चढू लागली. पाचशे, नव्वद हजार, दोन लाख. मृण्मयीचं डोकं फिरलं.

“केवढ्याला देतायत?” अप्पांनी विचारलं. डोळे भरल्यामुळे त्यांना आकडा वाचता येत नव्हता.

“तुम्हाला त्यानं फुकट पाठवला होता, अप्पा,” ती म्हणाली. “महिनाभर तुमच्या खात्यात पडून होता, मग भेटीची मुदत संपली. तुम्ही उघडूनसुद्धा पाहिला नाहीत.”