चाळीस पौंड

बायकोच्या स्मृतिस्पर्धेत, नानाखेड्याच्या मैदानावर, किबे माइकवर म्हणाले, "अहल्याचं धनुष्य ओढायला चाळीस पौंडांचं, माझंही चाळीसचंच. बाईमाणसानं पुरुषाइतकं ओढावं, एवढी तयारी मीच तिच्याकडून करून घेतली." टाळ्या पडल्या. मग पहिला बाण तिच्याच धनुष्यानं सोडायला ते उभे राहिले. दोरी अर्ध्यावर आली आणि अडकली. पुन्हा ओढली, तरी अर्ध्याच्या पुढे येईना. लोक बघत होते.

कोच विक्रांत हळूच जवळ आला. "काका, काकूंच्या धनुष्याचा मधला हत्था छोटा आहे. त्याला वर-खाली जोडलेल्या पात्यांवर चाळीस लिहिलंय, पण छोट्या हत्थ्यावर तीच पाती पंचेचाळीसची होतात. तुमचा हत्था लांब, म्हणून तुम्हाला अडतीसच ओढावे लागतात. तुमचावाला लावून देऊ का?"

किबेंनी धनुष्य खाली घेतलं. "तिला माहीत होतं हे?"

"पहिल्या दिवसापासून. पण तुम्हाला सांगायला त्यांनीच मना केलं होतं. म्हणाल्या, यांना कळलं तर उद्याच छोटा हत्था लावून बसतील, आणि मग रोज खांदा शेकायला मी आहेच."