अंबाचा काळभुंगा

सिनेमा पाहून आल्यापासून चिदंबरराव धुमसत होते. "काळभुंग्याला पार बिघडवलं या लोकांनी! पुस्तकात तो चोर असला तरी कुत्र्याला खाऊ घालतो, शेवटी हात जोडून माफी मागतो. इथे नुसता राक्षस!"

"अप्पा, अम्माच्या पुस्तकात खरंच तसं होतं?" लावण्यानं विचारलं.

प्रश्न त्यांना झोंबला. पुण्याहून आलेलं ते चित्रांचं पुस्तक त्यांची बायको अंबाच लेकीला वाचून दाखवायची. तंजावरच्या या घरात सगळे मराठी बोलत, पण देवनागरी वाचणारी ती एकटीच. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

पुरावाच आणतो म्हणून ते पुस्तक घेऊन साताऱ्याहून बदलून आलेल्या शेजारच्या कदमांकडे गेले.

कदमांनी सगळं वाचलं. "काका, सिनेमा मीही पाहिलाय. त्यात काहीच बदललेलं नाही. इथेही तो कुत्र्याला विष घालतोय. हात जोडतोय तेही फसवायला."

चिदंबररावांना आठवलं, वाचताना अंबाचं बोट कधी अक्षरांवर नसायचं. ते चित्रांवरून फिरायचं.

दारात लावण्या वाट पाहत होती. "काय म्हणाले, अप्पा?"


"मी सांगत नव्हतो? अम्मानं वाचलं तेच खरं."