तिसऱ्यांदा ऐकताना

एका जुन्या सायकेडेलिक रॉक गाण्याचा अर्थ लावायचं काम समीक्षकाने दुपारीच हातावेगळं करायला घेतलं. त्याची पद्धत ठरलेली होती. पहिल्यांदा शब्द ऐकायचे, दुसऱ्यांदा वाद्यं, आणि तिसऱ्यांदा वाद्यांच्या मागे काय आहे ते.

गाण्यातला माणूस दार नसलेल्या खोलीत बसला होता. ‘खोली म्हणजे मन,’ समीक्षकाने बेधडक लिहून टाकलं. असले अर्थ लावणं म्हणजे त्याच्या हातचा मळ.

तिसऱ्या वेळी, ऑर्गनच्या लांबलचक सुरामागे पेन्सिलीची खरखर ऐकू आली. त्याने लिहिणं थांबवलं, तशी खरखरही थांबली. त्याने मुद्दाम एक रेघ ओढली. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या रेकॉर्डमध्येही रेघ ओढली गेली.

त्याने घाईघाईने हेडफोन काढला. ऑर्गन काही थांबला नाही. आता तो भिंतींतून येत होता. दाराच्या जागीही भिंतच होती.

बायकोला हाका मारून मारून त्याचा घसा बसला. शेवटी त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला. त्यात ती होती, अगदी स्पष्ट.

“अहो, चहा निवतोय.” तिची पावलं जवळ आली. “गेले कुठे हे? हेडफोन इथेच टाकलाय, रेकॉर्डही चालूच.”

“बंद करू नकोस,” तो जिवाच्या आकांताने ओरडला.

काहीतरी उचलल्याची खुडबुड झाली. आता तिचा श्वासही ऐकू येत होता.

“कोण ओरडतंय हे गाण्यात,” ती पुटपुटली. “काय बाई एकेक आवडी यांच्या.”

तिचं बोट रेकॉर्डवरच्या सुईला लागलं, तशी त्याच्या भोवतीची खोली करकरली.